कारण न विचारणारे जनरल

आमच्या शेजारी एक फ्रेंच जनरल राहायचे, असं मी पुण्यात गेल्यावर सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सोड रे' असं लिहिलेलं मला स्वच्छ वाचता येतं. माझा मेहुणा तर म्हणाला, "त्यात काय, आमच्याकडेही आहेत की, सोसायटीचे चेअरमन." एक तर मी आयर्लंडला राहतो, तेही डब्लिनला नाही, पार वायव्येच्या कोपऱ्यात स्लायगोला. तिथे फ्रेंच जनरल कशाला येईल मरायला? प्रश्न रास्त आहे. ते बायकोसाठी आले होते. बायको स्लायगोची होती, आणि म्हातारपणी तिला माहेरचं हवामान हवं होतं. ज्या हवामानाला आम्ही रोज शिव्या घालतो ते कुणाला हवं असू शकतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

आमचं घर सेमी-डी, म्हणजे एका भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटलेली दोन घरं. त्या भिंतीच्या पलीकडे जनरल. त्यांचं आडनाव आमच्या गल्लीत कुणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे त्यांना 'द जनरल' म्हणत. जनरल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. उंची बेताची, मिशा नाहीत, कान मात्र ऐसपैस, आणि डोक्यावर बायकोने विणलेली मोहरीच्या रंगाची टोपी. टोपीचा एक टाका सुटलेला होता आणि तो त्यांनी कधी दुरुस्त करून घेतला नाही. नव्वदीला टेकले होते, पण चालायचे असे की मागून कुणी त्यांना साठीचे समजावं.

त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं होतं, आणि त्यात इतकी वर्षं आयर्लंडमध्ये राहून 'ग्रँड' हा शब्द असा मुरला होता की पाऊस आला तरी ग्रँड, गेला तरी ग्रँड. एकदा मी बेनबल्बेन डोंगराचं कौतुक करत होतो. स्लायगोच्या माणसापुढे त्या डोंगराचं कौतुक केलं की तो पाघळतो, म्हणून मला तशी सवयच लागली आहे. जनरलनी त्या सपाट माथ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तो डोंगर नाही, टेबल आहे. यावर कुणीही उतरेल."

उतरणं हा त्यांचा विषय होता. फ्रेंच लष्करात हेलिकॉप्टर नवीन होतं तेव्हा हे तरुण कॅप्टन होते. वरचे साहेब लोक त्या यंत्राला स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकाच मान देत. त्या मिक्सरमध्ये बसून हे बर्फाच्या उतारावर जायचे, एक पाय बर्फावर टेकवून दुसरा हवेत ठेवायचे, आणि मागून जखमी माणूस आत ओढून घ्यायचे. असं त्याआधी लष्करात कुणी केलं नव्हतं. पुढे त्यांच्या पद्धतीची शाळा निघाली, शिकलेल्यांनी दुसऱ्यांना शिकवलं, आणि हे चढत चढत जनरल झाले. ही माहिती मला एका बैठकीत मिळाली नाही. बटाटे सोलताना एक तुकडा, कुंपण रंगवताना एक तुकडा, अशी जमवावी लागली. स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचे, "मी टॅक्सी चालवायचो. फक्त माझे प्रवासी आडवे असायचे."

त्यांच्या जिन्यात एक फोटो होता. काचेच्या बुडबुड्यासारखं तोंड असलेलं छोटं हेलिकॉप्टर, त्याला बाहेरून बांधलेलं स्ट्रेचर, आणि बर्फात उभे राहून हसणारे चार जण. "यात तुम्ही कुठले?" असं मी विचारलं. म्हणाले, "फोटो काढतोय तो."

आता त्यांच्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. फिकट निळी, फ्रान्सहून आणलेली, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला. वय आमच्या लग्नापेक्षा जास्त. रोज दुपारी जेवण झालं की जनरल हातमोजे घालून बाहेर यायचे आणि गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात. बॉनेटवर तळवा, वाकून चाकावर हात, दिव्यावरून बोट, मग दुसरी बाजू, मागे सायलेन्सरमध्ये डोकावणं, परत दारापाशी. शेवटी टपावर दोन टकटक. विमान उडवण्याआधी करायची तपासणी ते त्या म्हाताऱ्या गाडीची करायचे, आणि जायचे कुठे तर गावाबाहेरच्या नर्सिंग होमपर्यंत.

तिथे त्यांची बायको होती, नोरा. तरुणपणी फ्रान्समध्ये नर्स होती, तिथेच यांची गाठ पडली. आता तिचं सगळं पुसलं गेलं होतं. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची, मग नवऱ्याचं तोंडही गेलं. जनरल समोर बसले तरी ती त्यांना ओळखायची नाही. एकच गोष्ट राहिली होती. त्या निळ्या गाडीचा आवाज अंगणात आला की ती खिडकीजवळच्या खुर्चीत मान वर करायची आणि त्यांचं नाव घेऊन म्हणायची, "एतियेन आला." तेवढंच. जनरल आत जाईपर्यंत ते तेज विझलेलं असायचं. पण अंगणात गाडी बंद करताना काचेतून त्यांना ती वर झालेली मान दिसायची, आणि त्यासाठी ते रोज जायचे. "दिवसातून एकदा माझ्या बायकोला मी माहीत असतो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं, हवामान सांगावं तसं.

हे सगळं असंच चाललं असतं, पण त्या वर्षी माझी आई आली. आई कराडची. माझे वडील एस.टी.चे ड्रायव्हर होते, त्यामुळे गाडी म्हणजे काय आणि तिच्याशी कसं वागायचं याबद्दल तिची मतं पक्की आहेत. व्हिसावर मिळतात ते तीन महिने ती आमच्याकडे राहिली, आणि दुपारभर खिडकीत बसून ती गल्ली बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने मला बोलावलं.

"आरं, ह्यो म्हातारा रोज गाडीला परदक्षिणा घालतोय."

"आई, ती तपासणी असते."

"तू मला नको शिकवू. हात लावतोय, वाकतोय, फेरी घालतोय. तुझं बाबा बी स्टेरिंगला हात लावल्याबिगर बसायचं न्हाईत. लई भाविक मानूस हाय."

मी नाद सोडला. माझी मुलगी सई तेव्हा सात वर्षांची होती, मराठी सगळं समजतं पण उत्तर आयरिश इंग्रजीत देते. ती म्हणाली, "आजी, ही'ज ओन्ली चेकिंग द टायर्स." आजीने तिलाही झटकून टाकलं.

दोन आठवड्यांनी दसरा होता. मी आमच्या गाडीची पूजा केली, हळदकुंकू, बागेतली दोन फुलं, चाकाखाली लिंबू. आपट्याची पानं स्लायगोत कुठून आणणार, ती व्हॉट्सॲपवर आली. दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर जनरल. टोपी काखेत, आणि हातरुमालावर एक लिंबू.

"हे माझ्या चाकाखाली होतं," ते म्हणाले. "आणि बॉनेटवर लाल रंग आहे."

मी मागे वळून बघितलं. आई शांतपणे भाजी निवडत होती. 'भाविक माणूस हाय, त्येला इथं कोन देनार पूजेचं सामान' या विचाराने तिने सकाळीच कुंपण ओलांडून त्यांचाही दसरा उरकला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लष्करातला माणूस, त्याच्या चाकाखाली अनोळखी वस्तू, म्हणजे त्याला काय वाटलं असेल! मी घाईघाईने दृष्ट, वाईट नजर, वाहनांची पूजा असं काहीबाही इंग्रजीत सांगू लागलो. जनरलनी हात वर केला.

"कारण नको. फक्त सांगा, यावरून जायचं की नाही?"

"जायचं. चिरडायचं असतं ते."

"आणि हे कुणी ठेवलं?"

"माझ्या आईने."

ते आईकडे वळले आणि पायांच्या टाचा जुळवून तिला मानेने नमस्कार केला. मग बाहेर जाऊन त्यांनी ते लिंबू जिथे होतं तिथे, अगदी त्याच जागी ठेवलं, पहिल्यापासून पुन्हा फेरी मारली, टपावर टकटक केली आणि लिंबावरून गाडी नेली. कुंकू पुसलं नाही. ते पावसानेच धुतलं, म्हणजे स्लायगोच्या हिशेबाने तासाभरात.

संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले, आणि तिथे त्यांनी तो नियम सांगितला. त्यांच्या तुकडीत एक पद्धत होती. उड्डाणाआधी तुकडीतलं कुणीही, वैमानिक असो, मेकॅनिक असो, आचारी असो, 'आज नाही' असं म्हणू शकायचा. तसं म्हटलं की उड्डाण रद्द. आणि त्याला कारण विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच नाही.

"हेलिकॉप्टर मी बनवलं नाही," ते म्हणाले. "डोंगरावर उतरायला माझ्याशिवायही कुणीतरी शिकलंच असतं. लष्कराला मी काही दिलं असेल तर हे दोन शब्द."

मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. हृदयाच्या नळ्या बनवतो आम्ही. तिथे काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतं, तसा दंडकच आहे, आणि ते विचारण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझ्या पोटावर पाय आल्यासारखं मला झालं. मी म्हणालो, "पण कारण विचारल्याशिवाय चूक कळणार कशी?"

"यंत्राला विचारा की. यंत्राला लाज नसते."

मग त्यांनी आचाऱ्याची गोष्ट सांगितली. एक मंत्री तुकडीची प्रात्यक्षिकं बघायला येणार होते. त्यांच्या मर्जीवर नवी हेलिकॉप्टरं मिळणार होती आणि यांची बढतीही. सगळे रांगेत उभे, पाती फिरायला लागणार, तेवढ्यात आचारी एप्रन बांधलेलाच धावत आला आणि म्हणाला, "आज नाही." जनरलनी, म्हणजे तेव्हाच्या मेजरनी, इंजिन बंद करायला सांगितलं. मंत्री लाल झाले, आत नेऊन त्यांना वाइन पाजावी लागली, बढती लांबली. आपल्या निवृत्तीच्या दिवशी त्या आचाऱ्याने स्वतःहून कबुली दिली. मंत्र्यांसाठी केलेलं मटण करपलं होतं, आणि दुसरं शिजवायला त्याला वेळ हवा होता.

आम्ही सगळे हसलो. आईला मी मराठीत सांगितलं तेव्हा ती सगळ्यांत जास्त हसली. जनरलही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "तरीही मी बरोबरच होतो."

"कसं काय?"

त्यावर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ती त्यांनी एकदाच सांगितली. हा नियम होण्याआधीची. त्यांचा एक मेकॅनिक होता, बास्तियाँ. फोटोतल्या चौघांत डावीकडून पहिला. एका सकाळी कड्यावर सैनिक अडकले होते आणि निघायची तयारी झाली होती. बास्तियाँ म्हणाला, "कॅप्टन, आज नको." यांनी विचारलं, का? यंत्र ठीक आहे? ठीक आहे. हवा? हवाही छान आहे. मग का? तर म्हणाला, काही नाही. हे हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तो मुकाट्याने चढून बसला. वर पोचल्यावर एक पाय बर्फावर टेकवला, बास्तियाँ स्ट्रेचर आत ओढायला बाहेर झुकला, आणि त्याचा हात सुटला.

"त्याचा उजवा हात त्या सकाळपासून बधिर होता. त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. मेकॅनिकचा हातच चालत नाही, हे कॅप्टनला कसं सांगणार? त्याला लाज वाटली. तो 'नको' एवढं सांगू शकत होता, आणि तेवढं त्याने सांगितलंही होतं. मी 'का' विचारलं नसतं तर तो घरी गेला असता."

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती उठली, त्यांच्या कपात आणखी चहा ओतला, आणि न विचारता दोन चमचे साखर घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं हाय त्येंचं. इचारलं की मानूस खोटं बोलतंय."

दुसऱ्या दिवसापासून आई त्यांच्या तुकडीत भरती झाली. म्हणजे तसं त्यांनीच ठरवलं. चाकाखाली वस्तू ठेवणाऱ्या माणसाला एक तर हाकलायचं किंवा कामावर घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. ते फेरी मारायचे, आई शाल गुंडाळून फाटकापाशी उभी राहायची, ते टपावर टकटक करून तिच्याकडे बघायचे. ती हात हलवून म्हणायची, "जावा सायेब." मग गाडी सुटायची. दोघांना एकमेकांची भाषा अक्षरानेही येत नव्हती, पण तिने त्यांना आपल्या बोलीतले ते दोन शब्द तेवढे पाठ करायला लावले होते. आज न्हाई. तिला कधी म्हणायची वेळ आली तर त्यांना कळायला हवेत ना.

त्या वर्षी ती वेळ आली नाही. पुढच्या वर्षी आई पुन्हा आली, आणि आल्या आल्या दोन दिवसांत मला म्हणाली, "सायेब हातानं बगत्यात." आम्ही रोज बघत होतो आणि आम्हाला कळलं नव्हतं. चहा ओतताना ते कपाच्या काठावर बोट ठेवत. कुंपणावरून पलीकडे येणं त्यांनी बंद केलं होतं. त्यांच्या वयाला गाडी चालवायला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो वसंतात संपणार होता, पण वसंत अजून लांब होता. मी विषय काढायचा म्हणून दोनदा गेलो आणि बागेबद्दल बोलून परत आलो. कारण गाडी सुटली की नोराची ती वर होणारी मानही सुटली. ते मी कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या शुक्रवारी मी घरून काम करत होतो. जनरल बाहेर आले, फेरी सुरू झाली. सई शाळेत जाताना आपली गुलाबी स्कूटर, ती एका पायाने ढकलायची असते ती, त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाला टेकवून गेली होती. जनरल वाकले. चाकावर हात ठेवला. हात स्कूटरपासून वीतभर अंतरावरून गेला. सायलेन्सरमध्ये डोकावले, पुढे गेले. टपावर दोन टकटक. आईकडे बघितलं.

"आज न्हाई," आई म्हणाली.

ते तसेच उभे राहिले. मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ हलले, आणि मला वाटलं, आता विचारणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारणार. तिकडे नर्सिंग होममधल्या खुर्चीत कुणीतरी आवाजाची वाट बघत होतं. त्यांनी एकेक बोट सोडवत डाव्या हाताचा मोजा काढला, फाटकाशी आले आणि किल्ली आईच्या तळहातावर ठेवली. मग टोपी नीट केली आणि घरात गेले.

ते दिसेनासे झाल्यावरच आईने स्कूटर उचलली. ती घेऊनच आत आली. "पोरगी त्येच्यावर बसली आसती तर?" एवढंच म्हणाली. पाणी प्यायल्यावर मला बजावलं, "सायबाला सांगायचं न्हाई. कारन द्यायचं न्हाई, त्येंचाच नेम हाय."

त्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. नोराने मान वर केली नाही. ते आत गेल्यावर तिने नर्सला विचारलं, "हे गृहस्थ कोण? डॉक्टर का?" जनरल म्हणाले, "नाही, मी फक्त भेटायला आलोय."

येताना मीच म्हणालो, तुमची गाडी मी चालवतो. त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं. विम्यात नाव घालून झालं आणि आम्ही निघालो. स्टिअरिंग डावीकडे असलेली गाडी डाव्या बाजूने चालवायची, म्हणजे फुटपाथवर बसून रस्ता हाकावा तसं. जनरल उजवीकडे, हात मांडीवर. अंगणात पोचलो, मी गाडी बंद केली, दार लावलं. काचेतून नोरा दिसत होती. तिने मान अर्धी वर केली आणि परत खाली घातली.

"तिला कळलं," जनरल म्हणाले. "हा मी नव्हे."

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. स्ट्रँडहिलला समुद्राशेजारी मोठा पार्किंगचा तळ आहे. तिथे आम्ही रोज जायचो. ते डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे आणि मी चालवायचो. "हे तुम्ही. पुन्हा. हेही तुम्हीच." ते वळणाआधी जरा लवकर गिअर उतरवायचे, तेव्हा इंजिन एकदा खोकायचं. ते मला जमेना. मग उभी राहिल्यावर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवायचं, मग बंद. त्यानंतर दार. ते दार पहिल्या फटक्यात लागत नाही, दोनदा ओढावं लागतं. हे सगळं जमलं तरी ते मान हलवायचे. शेवटी एका दिवशी त्यांना स्वतःलाच सापडलं. "थांबा! बंद केल्यावर मी लगेच दार उघडत नाही. मी हातमोजे काढतो." म्हणून मग मी इंजिन बंद केल्यावर नसलेले हातमोजे काढू लागलो, एकेक बोट सोडवत. पोहायला आलेल्या आयरिश बायका आमच्याकडे बघत जायच्या. ती शिकवणी संपेपर्यंत मला माझ्या बापाच्या नोकरीबद्दल जेवढा आदर कधी वाटला नव्हता तेवढा वाटू लागला.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पाऊस होता. अंगणात इंजिन खोकलं, थांबलं. मी हातमोजे काढले. दार दोनदा ओढलं. खिडकीतली मान वर झाली, पूर्ण वर, आणि ओठ हलले. काचेपलीकडून आवाज येत नव्हता, पण कसले शब्द ते आम्हा दोघांना माहीत होते. जनरल बराच वेळ उतरलेच नाहीत. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "ग्रँड." आईला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिने साखर वाटली.

आई परत गेली. हिवाळा आला आणि जनरलची छाती भरली. डॉक्टरांनी बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. यांनी कारण विचारलं नाही, डॉक्टरने मात्र सांगितलंच. मला बोलावून जनरल म्हणाले, "तुम्ही एकटे जाल? तिला ऐकू येऊ दे." दुपारी कोट घालून अंगणात आले, माझ्या देखत पूर्ण फेरी मारली, टपावर दोन टकटक केली आणि मला सोडलं.

सगळं बरोबर झालं. खोकणं, थांबणं, हातमोजे, दार. नोराने मान वर केली. मी आत गेलो तर ती माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या मागे दाराकडे बघू लागली. "एतियेन आलाय," तिने मला सांगितलं. "गाडी लावतोय. येईलच आता." शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स तिने उचलून मांडीवर घेतली, त्याला बसायला जागा व्हावी म्हणून. मी बसलो होतो तेवढा वेळ ती दाराकडे बघत होती. मी निघालो तेव्हाही ती पर्स मांडीवरच होती.

परत आलो तर जनरल दारात उभे. "ऐकलं तिने?" ऐकलं. "मान वर केली?" केली. त्यांचा चेहरा फुलला. मग म्हणाले, "आणि नंतर?"

मी सांगितलं. पर्सचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात ते मोठ्या हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत. नोराला सांगितलं तेव्हा तिने "देव त्याला शांती देवो" असं म्हटलं आणि तो कोण होता ते विचारलं. मी अजून अधूनमधून तिच्याकडे जातो, माझ्या गाडीने. निळी गाडी त्यांच्या पुतणीने विकली. डंडॉक गावचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन न्यायला आला होता. त्याने ती सुरू केली तेव्हा मी त्याला विनंती केली, नर्सिंग होमच्या रस्त्याने जाऊ नकोस, दुसरीकडून जा. त्याने विचारलं, का? मी म्हणालो, तिकडे फार खड्डे आहेत. आई म्हणते तेच खरं.

पण मला ते आठवतात ते त्या पर्सच्या दुसऱ्या दिवशीचे. दुपारी मी किल्ली घेऊन निळ्या गाडीत बसलो होतो. जनरल कोट घालून बाहेर आले. चालणं आता नव्वदीचं झालं होतं. टोपीचा तो सुटलेला टाका कानावर लोंबत होता. त्यांनी फेरी सुरू केली. बॉनेटवर तळवा ठेवला, आईने कुंकू लावलं होतं तिथेच, आणि जरा वेळ तिथे राहू दिला. वाकले. एक चाक, दुसरं चाक. मागे गेले तेव्हा मला आरशात फक्त मोहरी रंगाची टोपी दिसत होती. पूर्ण फेरी घालून ते माझ्या दारापाशी आले. मी किल्ली फिरवायला हात उचलला आणि टपावरच्या टकटकीची वाट बघू लागलो.

टकटक झाली नाही. ते खिडकीपाशी वाकले, आणि आईने शिकवले होते तसेच, कराडच्या बोलीत म्हणाले, "आज न्हाई."

मी किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. कारण विचारलं नाही.